बल आणि गतीचे नियम: साहित्य कसे शोधायचे, कसे तपासायचे आणि कसे वापरायचे

बल आणि न्यूटनचे तीन नियम यांवर साहित्य कमी नाही, उलट फार आहे. मोबाइलवर 'गतीचे नियम' एवढेच टाकले तरी व्हिडिओंची रांग लागते. त्यांतले बरेचसे नववीच्या पुस्तकातली वाक्येच वाचून दाखवतात, आणि काहींत चक्क चूक सांगितलेली असते. शिकणाऱ्याचा वेळ जातो तो या ढिगात. म्हणून पन्नास दुवे साठवून ठेवू नका. एक पाठ्यपुस्तक, एक सिम्युलेशन (संगणकाच्या पडद्यावर करून बघायचा प्रयोग), हाताने करायचे दोन प्रयोग आणि गणितांचा एक संच एवढे घेतले आणि ते शेवटपर्यंत नेले, तर हा विषय तीन-चार आठवड्यांत पक्का होतो. मात्र ही निवड चोखंदळपणे करायला हवी.

शोधायला बसण्याआधी शब्द जुळवून घ्या

मराठीत शोधताना पहिली अडचण परिभाषेची येते. एकाच गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन शब्द आहेत, आणि चुकीचा शब्द टाकला की भलतेच हाती येते.

बालभारतीच्या पुस्तकांत बल, त्वरण, जडत्व, वस्तुमान, संवेग हे शब्द आहेत. मराठी विश्वकोशात मात्र बलाला 'प्रेरणा', त्वरणाला 'प्रवेग' आणि जडत्वाला 'निरूढी' म्हटलेले आढळते. विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे आणि त्यातल्या भौतिकीच्या नोंदी दाट पण भरवशाच्या आहेत. 'यामिकी' हा शब्द टाकून सुरुवात करा. साध्या शोधयंत्रात नुसते 'प्रेरणा' टाकाल तर जीवनात यशस्वी कसे व्हावे याची भाषणे येतील. त्याऐवजी 'प्रेरणा प्रवेग वस्तुमान' असे तिन्ही शब्द एकत्र टाका.

हिंदीतले साहित्य वापरणार असाल तर हे लक्षात ठेवा: हिंदीतले 'द्रव्यमान' म्हणजे आपले वस्तुमान आणि हिंदीतला 'भार' म्हणजे आपले वजन. बाकी बल, वेग, त्वरण, जडत्व, संवेग, घर्षण हे शब्द दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आहेत, त्यामुळे हिंदी साहित्य मराठी विद्यार्थ्याला जड जात नाही.

रोजच्या बोलण्यातला 'शक्ती' हा शब्द सर्वांत जास्त घोटाळा करतो. 'शक्ती लावून ढकलले' असे आपण म्हणतो, पण विज्ञानाच्या पुस्तकात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, ज्याचे एकक वॅट. ढकलणे किंवा ओढणे म्हणजे बल, आणि त्याचे एकक न्यूटन. तसेच 'वेग' आणि 'चाल' यांचे. चालीला दिशा नसते, वेगाला असते. वळणावर गाडीचा काटा ४० वर स्थिर असला तरी तिचा वेग बदलत असतो, म्हणून तिला त्वरण असते आणि म्हणून तिच्यावर बल असते. हे एक वाक्य समजले नाही तर पुढचे वर्तुळाकार गतीचे सगळे पाठ करावे लागते.

इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द अडला, तर राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचा भौतिकशास्त्र परिभाषा कोश बघावा. तोही ऑनलाइन आहे.

साहित्य कितपत खरे आहे, हे पाच मिनिटांत कसे ओळखायचे

पुस्तक असो, व्हिडिओ असो की क्लासच्या नोट्स, तीन जागा उघडून बघा.

पहिली जागा टेबलावरच्या पुस्तकाची. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, टेबल पुस्तकाला वर ढकलते, 'आणि ही झाली क्रिया-प्रतिक्रियेची जोडी' असे तिथे लिहिले असेल, तर ते साहित्य या प्रकरणापुरते बाजूला ठेवा. ही चूक फार पसरलेली आहे. तिसऱ्या नियमातली दोन बले नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. पृथ्वी पुस्तकाला ओढते याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढते ही. टेबल पुस्तकाला ढकलते याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला दाबते ही. पुस्तकाचे वजन आणि टेबलाचा आधार सारखे असतात ते पुस्तक स्थिर आहे म्हणून, म्हणजे पहिल्या नियमामुळे. हेच टेबल वर निघालेल्या लिफ्टमध्ये ठेवा. लिफ्ट वेग घेत असताना टेबलाचा आधार पुस्तकाच्या वजनापेक्षा जास्त होतो. खरी जोडी असती तर ती अशी फुटली नसती.

दुसरी जागा पहिल्या नियमाची. 'स्थिर वस्तू स्थिर राहते' एवढ्यावरच भर असेल आणि सरळ रेषेत एकसमान वेगाने चाललेल्या वस्तूला चालत राहायला बल लागत नाही हे ठळकपणे नसेल, तर नियमाचा अर्धा आणि अवघड भाग गळला आहे. नियमाच्या वाक्यात नुसते 'बल' आहे की 'असंतुलित बल' किंवा 'निव्वळ बल' आहे, तेही बघा.

तिसरी जागा रॉकेटची. 'रॉकेट हवेला मागे ढकलते म्हणून पुढे जाते' असे असेल तर ते चूक आहे. रॉकेट आपल्याच इंधनाचे जळलेले वायू मागे फेकते आणि ते वायू रॉकेटला पुढे ढकलतात. म्हणूनच हवा नसलेल्या अवकाशातही ते चालते.

याशिवाय एक नजर आकृत्यांवर टाका. प्रत्येक वस्तू सुटी काढून तिच्यावरची बले बाणांनी दाखवलेली असतील, तर ते साहित्य बहुधा चांगले असते. अशा आकृतीला इंग्रजीत फ्री बॉडी डायग्राम म्हणतात आणि मराठी शिक्षकही तोच शब्द वापरतात. आकृतीऐवजी पानभर सूत्रे असतील तर ते परीक्षेच्या आदल्या रात्रीचे साहित्य, शिकायचे नव्हे.

पुस्तके: कोणते, कोणत्या क्रमाने

बालभारतीची सर्व पाठ्यपुस्तके ईबालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत मिळतात. थेट नववीपासून सुरू करू नका, मोठ्या वयात नव्याने शिकत असाल तरीही. सातवीच्या सामान्य विज्ञानातला 'गती, बल व कार्य' हा पाठ आणि आठवीतला 'बल व दाब' हा पाठ आधी वाचा. दोन्ही मिळून दोन बैठकींचे काम आहे. आठवीच्या पाठात संतुलित व असंतुलित बले आणि जडत्वाचे प्रकार आहेत. नववीचे 'गतीचे नियम' हे पहिलेच प्रकरण त्यांवर उभे आहे. या प्रकरणात आलेखांवरून गतीची समीकरणे काढलेली आहेत. तो भाग सोडून सरळ न्यूटनकडे जाण्याचा मोह होतो, पण वेग-काल आलेखाचा चढ म्हणजे त्वरण हे हाताने काढल्याशिवाय दुसरा नियम (बल = वस्तुमान × त्वरण) केवळ सूत्र राहतो. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवर त्या पाठाचे पूरक साहित्य उघडते.

दहावीच्या विज्ञान भाग १ मधले 'गुरुत्वाकर्षण' हे पहिले प्रकरण लगेच जोडून वाचावे, कारण वजन हे बल आहे ही गोष्ट तिथे पक्की होते.

अकरावीपासून विज्ञान शाखेची पुस्तके इंग्रजीत असल्याने तिथे भाषेचा उंबरठा येतो. तो ओलांडायला एनसीईआरटीचे अकरावीचे भौतिकी, भाग १, उपयोगी पडते, कारण ते हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत मोफत आहे. 'गति के नियम' हे प्रकरण दोन्ही भाषांत शेजारी शेजारी उघडून वाचा. पहिल्या दहा पानांना वेळ लागतो, मग इंग्रजी वाक्यांची सवय होते.

त्यापुढे एच. सी. वर्मा यांच्या 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स'चा पहिला भाग. पाचवे प्रकरण न्यूटनच्या नियमांचे, सहावे घर्षणाचे. सोडवलेली उदाहरणे झाकून आधी स्वतः करायची, मग उघडायची. प्रकरणाच्या शेवटचे लघुप्रश्न बहुतेक विद्यार्थी सोडून देतात. तसे करू नका, विचाराला खरा व्यायाम त्यांत आहे. पुस्तक नवेच घ्यायला हवे असे नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके मिळतात, आणि या विषयात गेल्या तीनशे वर्षांत नियम बदललेले नाहीत.

इंग्रजी चांगले असेल तर ओपनस्टॅक्सचे युनिव्हर्सिटी फिजिक्स, खंड १ मोफत आहे. पाचवे आणि सहावे प्रकरण बघा. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या व्याख्यानांचे तिन्ही खंडही ऑनलाइन मोफत वाचता येतात. पहिल्या खंडातले बलाच्या स्वरूपावरचे बारावे प्रकरण अप्रतिम आहे, पण ते शेवटी वाचा. पाया नसताना वाचले तर वाक्ये आवडतात आणि हाती काही राहत नाही.

फेट सिम्युलेशन: खेळ होऊ देऊ नका

अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केला. पी, एच, ई, टी ही चार इंग्रजी अक्षरे टाकली की सापडतो. सर्व मोफत, मराठीत भाषांतरित सिम्युलेशनची वेगळी यादी, आणि फाइल उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालते. गावातल्या शाळेसाठी ही शेवटची सोय मोठी आहे.

आपल्याला हवे ते बल आणि गतीचे प्राथमिक सिम्युलेशन. त्यात निव्वळ बल, गती, घर्षण आणि त्वरण असे चार पडदे आहेत. नुसते हलवत बसले तर दहा मिनिटांत कंटाळा येतो. म्हणून दर वेळी आधी वहीत अंदाज लिहायचा, मग बटण दाबायचे.

गतीच्या पडद्यावर घर्षण नाही. मूल्ये, बल आणि चाल दाखवणाऱ्या चौकटींवर खूण करा. खोक्याला १०० न्यूटन बल लावा, काही सेकंदांनी बल शून्यावर आणा. खोके थांबेल का? बरीच मुले 'हळूहळू थांबेल' असे लिहितात. ते थांबत नाही, चालीचा काटा आहे तिथेच राहतो. आता उलट दिशेने बल लावा आणि ते थांबवून दाखवा.

इथे एक गैरसमज हमखास होतो. खूप वेळ बल लावले की ढकलणारा माणूस पडतो आणि वेग वाढायचा थांबतो. तो निसर्गाचा नियम नव्हे, सिम्युलेशनने ठरवलेली कमाल चाल आहे. शिक्षकांनी हे आधीच सांगून टाकावे.

घर्षणाच्या पडद्यावर बल थोडे थोडे वाढवा. खोके हलेपर्यंत घर्षणाचा बाण तुमच्या बाणाइतकाच वाढत जातो, आणि हलताच एकदम आखूड होतो. 'घर्षण नेहमी ठराविक असते' हा समज इथे मोडतो. हे वहीत नोंदवा, पुढे पाटाच्या प्रयोगाशी पडताळायचे आहे.

लिफ्ट आणि मोबाइल

जर्मनीतल्या आखेन येथील तंत्र विद्यापीठाने बनवलेले फायफॉक्स हे मोफत ॲप मोबाइलच्या संवेदकांची मापे आलेखात दाखवते. पी, एच, वाय, पी, एच, ओ, एक्स अशी अक्षरे. ते उघडून गुरुत्वासह त्वरण मोजणारा प्रयोग निवडा. गुरुत्व वगळून मोजणाराही एक आहे, पण त्यात फोन आकडेमोड करून गुरुत्व वजा करतो आणि माप भरकटते.

निदान सहा मजली इमारत हवी. एक-दोन मजल्यांच्या प्रवासात लिफ्ट वेग घेते न घेते तोच थांबू लागते आणि आलेखातला महत्त्वाचा भागच येत नाही. फोन लिफ्टच्या फरशीवर उताणा ठेवा, हातात धरू नका. हाताचा कंप आलेखात उतरतो. मापन सुरू करून पाच सेकंद तसाच राहू द्या, मग वरच्या मजल्याचे बटण दाबा.

आता फोनच्या पाठीला लंब असलेल्या तिसऱ्या अक्षाचा, म्हणजे झेडचा आलेख बघा. सुरुवातीला रेषा ९.८ च्या आसपास सपाट. काही फोनमध्ये ९.७ किंवा ९.९ दिसते, त्याची चिंता नको, आपल्याला फरक हवा आहे. लिफ्ट निघताच रेषेला उंचवटा येतो, साधारण अर्धा ते एक एककाचा. मग रेषा पुन्हा ९.८ वर येऊन सपाट राहते, लिफ्ट जोरात वर जात असली तरी. शेवटी थांबताना रेषेला खळगा पडतो.

मधला तो सपाट भाग दोनदा बघा. लिफ्ट चालू आहे, पण माप उभ्या लिफ्टइतकेच. एकसमान वेग आणि स्थिरता यांत बलाच्या दृष्टीने फरक नाही, हे पहिल्या नियमाचे म्हणणे तुमच्याच इमारतीत मोजून मिळाले.

एक शंका इथे यायलाच हवी. फोन स्वस्थ पडला असताना त्वरण ९.८ कसे? संवेदक खरे तर फरशी फोनला किती बलाने वर ढकलते ते, फोनच्या वस्तुमानाने भागून, दाखवतो. म्हणून उशीवर फोन सोडून दिला तर पडताना माप शून्याजवळ जाते. उंची हातभर पुरे, आणि उशी जाड घ्या.

हाच प्रयोग वजनकाट्यावर उभे राहूनही होतो. ५० किलोचा माणूस, लिफ्टचे त्वरण सेकंदाला सेकंदामागे १ मीटर असेल, तर काटा ५५ च्या आसपास जातो. त्यासाठी तबकडीचा काटा हवा. डिजिटल काटा आकडा स्थिर झाला की तो धरून ठेवतो आणि नंतरचा बदल दाखवतच नाही.

पाट, पिशवी आणि ताणकाटा

घर्षण मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. लाकडी पाट, १० किलो गव्हाची पिशवी, मीटरभर दोरी आणि सामान तोलायचा हुकाचा काटा. काटा स्प्रिंगचा घ्या, कारण वर सांगितलेलाच दोष डिजिटल हुककाट्यातही असतो.

पाट २ किलोचा धरला तर एकूण १२ किलो. दोरी फरशीला समांतर ठेवून हळूहळू ओढा. दोरी वरच्या दिशेला तिरकी गेली तर तुम्ही पाट थोडा उचलता आणि माप कमी येते. हलण्याच्या क्षणी काट्यावर समजा ४.८ किलो दिसले. ते बल न्यूटनमध्ये हवे, म्हणून ९.८ ने गुणा: सुमारे ४७ न्यूटन. ४.८ ला १२ ने भागले की ०.४ हा घर्षणांक. पाट सरकत असताना काटा थोडा खाली येतो, तेही लिहा. मग आणखी १० किलो ठेवा. एकूण २२ किलो झाले तर हलवायला सुमारे ८.८ लागायला हवे.

पाच वेळा मोजा आणि झटका बसलेली मापे सोडून द्या. फरशीवर पाणी किंवा पीठ असेल तर आकडे सारखे बदलतात, आधी पुसून कोरडी करा.

तिसऱ्या नियमासाठी दोन स्प्रिंगकाटे एकमेकांत अडकवून ओढा. एक टोक खिळ्याला बांधले तरी दोन्ही काटे सारखेच दाखवतात. काटे आडवे ठेवून शून्य पुन्हा जुळवून घ्या. उभे असताना जुळवलेले शून्य आडवे केल्यावर सरकते, आणि मग उगाच वाटते की नियम थोडा चुकला.

घरी कॅरम असेल तर सहा सोंगट्यांची उतरंड रचा आणि खालच्या सोंगटीला स्ट्रायकर जोरात मारा. तीच एक निसटते. हळू मारला तर सगळी कोसळते, कारण घर्षणाला वरच्या सोंगट्या ओढायला वेळ मिळतो. असे आणखी खेळ हवे असतील तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायची शेकडो खेळणी आणि मराठी विज्ञानपुस्तके मोफत आहेत.

व्हिडिओ बघण्याची रीत

सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर यांनी २००८ मध्ये पूर्ण केलेल्या पीएचडीचा विषय भौतिकशास्त्राचे व्हिडिओ हाच होता. गुळगुळीत, स्पष्ट व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडतात, समजल्यासारखे वाटते, पण जुन्या चुकीच्या समजुती तशाच राहतात. ज्या व्हिडिओत ती चुकीची समजूत आधी मांडून मग खोडली आहे, तो गोंधळात टाकतो आणि शिकवतोही जास्त, असे त्यांना आढळले. तेव्हा व्हिडिओ निवडताना असा प्रश्न विचारणारा शोधा. प्रश्न आला की थांबवा, उत्तर लिहा, मगच पुढे. मोफत आणि क्रमवार धडे हवे असतील तर खान अकॅडमी, आणि इंग्रजीत वाचून सराव करायचा असेल तर द फिजिक्स क्लासरूम.

शिक्षकांसाठी आणखी एक साधन आहे. १९९२ साली अमेरिकेत हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी ही बलाच्या संकल्पनांची चाचणी. ३० बहुपर्यायी प्रश्न, आकडेमोड नाही, आणि चुकीचे पर्याय नेमके मुलांच्या मनातल्या समजुतींचे. फिजपोर्ट या संकेतस्थळावर शिक्षक असल्याची नोंद केली की ती मिळते. प्रकरणाआधी आणि नंतर अशी दोनदा घ्या, आणि प्रश्न बाहेर फुटू देऊ नका.

प्रत्यक्ष जाऊन बघायला मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका, नागपुरात रमण विज्ञान केंद्र, पणजीत मिरामारचे गोवा विज्ञान केंद्र. सोबत दोन-तीन प्रश्न लिहून न्या.

समजले की नाही, हे कसे कळेल

घर्षण नसलेल्या जमिनीवर ३ किलो आणि २ किलोची दोन खोकी चिकटून ठेवली आहेत. ३ किलोच्या खोक्याला १० न्यूटनने ढकलले. दुसऱ्या खोक्यावर किती बल येते?

'१०' हे उत्तर आले तर फ्री बॉडी डायग्रामकडे परत जा. दोन्ही मिळून ५ किलो, म्हणून त्वरण २. दुसरे खोके २ किलोचे, त्याला २ त्वरण द्यायला ४ न्यूटन लागतात. तेवढेच बल ते पहिल्या खोक्याला मागे लावते, म्हणून पहिल्यावर निव्वळ १० उणे ४, म्हणजे ६ न्यूटन, आणि ६ भागिले ३ पुन्हा २. आता उलट बाजूने, २ किलोच्या खोक्याला १० न्यूटनने ढकला. या वेळी मधले बल किती, ते पुस्तक न उघडता काढा. ६ आले की घर्षणाची गणिते सुरू करायला हरकत नाही.